माळकरी आई, बीपी असलेले बाबा, दोन मुलं आणि ऱ्योकानचा मुक्काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नोव्हेंबरच्या शेवटी दहा दिवस जपानला येताय. तोक्यो आणि क्योतो ठरलंय. मधे एक रात्र गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या जुन्या पद्धतीच्या जपानी सराईत, म्हणजे ऱ्योकानमध्ये, राहायचं मनात आहे. आई ६८ वर्षांच्या, माळकरी, हातावर आणि कपाळावर गोंदण. बाबा ७२, बीपीची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात. मुलगी नऊची, मुलगा चारचा. 'सगळ्यांनी कपडे काढून एकत्र अंघोळ' हे कळल्यावर घरात आधी हशा पिकला आणि मग कोणी विषयच काढेना. खर्चही थोडाथोडका नाही. तर जावं का?

जावं. सतरा वर्षं मी इथे राहते, मराठी कुटुंबांच्या सहली आखते आणि दुभाषी म्हणून त्यांच्यासोबत फिरते. ऱ्योकान फसलेली कुटुंबंही मी पाहिली आहेत आणि परत जाताना आजीचा पाय निघेना अशीही पाहिली आहेत. फसलेल्यांचं कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघालं : जे महिनाभर आधी विचारायचं, ते त्यांनी दारात पोचल्यावर विचारलं.

आधी वेळेचं बोलते, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. ऱ्योकानला हॉटेल समजू नका. हॉटेलात रात्री अकराला पोचून सकाळी सातला निघालं तरी पैसे वसूल. इथे दुपारी ३ ला खोली मिळते, सकाळी १० ला सोडायची असते, आणि त्या एकोणीस तासांचेच तुम्ही पैसे मोजलेले असतात. पोचल्यावर चहा आणि एखादी गोड वडी, मग अंघोळ, सहा-साडेसहाला जेवण, जेवताना तुमच्या खोलीत गाद्या घातल्या जातात, झोपण्यापूर्वी पुन्हा अंघोळ, पहाटे आणखी एकदा, आठला नाश्ता. पोचल्या पोचल्या जी वडी देतात ती नुसती पाहुणचाराची नाही. प्रवासातून येऊन उपाशीपोटी कढत पाण्यात बसलं की गरगरतं, म्हणून पोटात आधी गोड.

एकदा ऐन पानगळीच्या शनिवारी माझा बारा जणांचा गट घाटातल्या गाड्यांच्या रांगेत अडकला. सहाला पोचायचे ते आम्ही आठला पोचलो. स्वयंपाकघर बंद व्हायच्या बेतात होतं, दहा पदार्थ एकदम मांडून ठेवलेले, तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेले भज्यांसारखे तुकडे, लादीसारखा गार. चूक सर्वस्वी माझी होती, मी सकाळी आणखी एक तळं दाखवायच्या मोहात पडले होते. तेव्हापासून नियम : ऱ्योकानच्या दिवशी दुसरं काही नाही. साडेतीनला दारात.

आता ठिकाण. १९४८ च्या इथल्या कायद्याप्रमाणे जमिनीतून येणारं पाणी २५ अंश किंवा जास्त गरम असेल, किंवा ठरवून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एखादं त्यात पुरेशा प्रमाणात असेल, तर त्याला ओन्सेन म्हणता येतं. त्यामुळे जपानभर हजारो ओन्सेन आहेत आणि नावांच्या याद्या वाचून डोकं फिरतं. तुमच्या मार्गावर, तुमच्या माणसांना घेऊन, मी तोक्योजवळच्या डोंगरातलं हाकोने सुचवेन. तोक्योच्या शिंजुकूहून रोमान्सकार नावाची गाडी साधारण दीड तासात हाकोने-युमोतोला सोडते. पुढे डोंगरात चढणारी छोटी आगगाडी आहे. ती तीन ठिकाणी थांबून उलट्या दिशेने निघते, चालक आणि गार्ड फलाटावरून चालत जाऊन जागा बदलतात. सगळ्यात उभ्या जागी साडेबारा मीटरमागे एक मीटर चढ आहे. मुलांसाठी हाच अर्धा कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या ओदावारा स्टेशनहून शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धरायची. त्यातल्या हिकारी नावाच्या काही गाड्या तिथे थांबतात, त्या दोनेक तासांत क्योतोला पोचवतात.

किनोसाकी या ओन्सेनच्या गावाबद्दलही तुम्ही विचारलंय. गाव फार देखणं आहे. ओढ्याकाठी विलोची झाडं, सात सार्वजनिक स्नानगृहं, आणि संध्याकाळी सगळं गाव युकाता, म्हणजे सुती किमोनो, नेसून लाकडी खडावा खटखटवत एका अंघोळीहून दुसऱ्या अंघोळीला निघालेलं. पण तुम्ही येताय नोव्हेंबरच्या शेवटी. तिथल्या खेकड्यांचा हंगाम ६ नोव्हेंबरला सुरू होतो आणि मग गावाच्या जेवणात, दरात आणि बोलण्यात खेकड्याशिवाय काही उरत नाही. माळकरी माणसाला घेऊन खेकड्याच्या हंगामात किनोसाकीला जाणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात मटणाची खानावळ शोधण्यासारखं आहे, फक्त उलट बाजूने. उन्हाळ्यात किंवा वसंतात या, मी स्वतः घेऊन जाईन.

कुसात्सु हे दुसरं नावाजलेलं ओन्सेनचं गाव आईबाबांसोबत नको. तिथलं पाणी चांगलंच आम्लधर्मी आहे, पीएच दोनच्या आसपास, आणि इतकं कढत की थंड पाणी घालून ते पातळ करण्याऐवजी लांब फळ्यांनी घुसळून निववायची तिथे जुनी रीत आहे. बघायला मजा येते, पण नाजूक कातडीला झोंबतं.

आता जेवण. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माळकरी माणसासाठी खरी अडचण अंघोळीची नसते, दाशीची असते. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. बोनितो नावाचा मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात, त्याचा रंधा मारल्यासारखा भुगा काढतात आणि तो समुद्री शेवाळासोबत गरम पाण्यात घालून गाळून घेतात. डोळ्यांना तो मासा दिसत नाही. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, सूपमध्ये तो आहे, उकडलेल्या भोपळ्यात आहे, पालकाच्या कोशिंबिरीवरच्या सॉसमध्ये आहे. तुम्ही 'व्हेजिटेरियन' म्हणालात की बऱ्याच ठिकाणी प्रामाणिकपणे मासा आणि मांस काढून टाकतात आणि भाज्या त्याच दाशीत शिजवतात. त्यांच्या मते त्यांनी तुमचं ऐकलेलं असतं.

म्हणून 'व्हेजिटेरियन' हा शब्द वापरायचाच नाही. काय चालत नाही ते एकेक करून सांगायचं आणि काय चालतं तेही सांगायचं, कारण आचाऱ्याला पर्याय हवा असतो. आरक्षणाच्या विनंतीच्या रकान्यात हे वाक्य घाला, अनुवादाचं ॲप याची जपानी लिपी करून देईल : 'हाहा वा निकु, साकाना, काइ, तामागो, कात्सुओ-दाशी गा ताबेरारेमासेन. कोंबु तो शिईताके नो दाशी नारा दाइजोबु देसु.' म्हणजे आईला मांस, मासे, शिंपले, अंडं आणि माशाची दाशी चालत नाही. कोंबू नावाच्या शेवाळाची आणि शिईताके अळंब्यांची दाशी असेल तर चालेल. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तेही आत्ताच लिहा. बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकात, ज्याला शोजिन म्हणतात, तीव्र वासाच्या म्हणून कांदा-लसूण मुळातच टाळतात, त्यामुळे चांगल्या आचाऱ्याला ही मागणी विचित्र वाटत नाही. 'जमणार नाही' असं उत्तर आलं तर राग मानू नका, आभार माना आणि दुसरं ऱ्योकान शोधा. जे ऱ्योकान 'बघू, आल्यावर सांगा' म्हणतं, ते मी टाळते. जेवणाचं सामान दोन-तीन दिवस आधी माणशी मोजून आणलेलं असतं. आयत्या वेळी तिथे भातावर लोणच्याखेरीज काही निघत नाही.

ज्यांनी 'हो' म्हटलं, त्यांनी काय वाढलं ते सांगते. मागच्या वर्षी एका माळकरी काकूंपुढे आलं ते असं : तिळाचा तोफू, जो दुधीच्या हलव्यासारखा मऊ पण गोड नाही; दुधाची साय काढावी तशी सोयाच्या दुधावरची काढलेली युबा, वर वासाबी नावाच्या झणझणीत हिरव्या चटणीचा ठिपका; मिसो लावून भाजलेलं अर्धं वांगं; वेगळ्या तेलात तळलेला भाज्यांचा तेंपुरा; अळंब्यांचा भात. काकूंनी वांगं दोनदा मागितलं. एकच तक्रार होती : 'भात शेवटी का आणतात गं?' ही तक्रार प्रत्येक मराठी घरातून येते. जपानी जेवणात भात, सूप आणि लोणचं शेवटी येतं, तोवर बाकीचे पदार्थ नुसते खायचे. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या भाताची वाट बघत सगळं निववतील. आणि हो, कॅलेंडर उघडून त्या दिवशी एकादशी नाही ना बघा. मी एकदा हे विसरले होते. दहा पदार्थांच्या ताटासमोर आजी केळं खात बसल्या होत्या आणि वाढणाऱ्या बाई काळजीने मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, काही चुकलं का.

घरून चटणी-लोणचं आणलंत तरी ते जेवणघरात काढू नका, आचाऱ्याच्या जिव्हारी लागतं. खोलीत चहासोबत लाडू-चिवडा खुशाल खा. पण हळदीचं, तेलाचं काही तातामीवर नको. तातामी म्हणजे गवताची विणलेली चटई, तिच्यावर हळदीचा डाग पडला की तो गेला नाही म्हणून समजा.

आता अंघोळ. मला वाटतं, तुमच्या घरात याला सगळ्यात कमी बिचकतील त्या आई. गंमत म्हणून म्हणत नाही, दरवेळी हेच होतं. तरुण सुना टॉवेल छातीशी धरून दारात घुटमळतात आणि आजी पुढे होतात. कारण आत गेल्यावर समोर दिसतं ते त्यांच्या ओळखीचं असतं. भिंतीकडेने एका ओळीत वीतभर उंचीचे पाट, प्रत्येकासमोर नळ आणि एक लाकडी घंगाळ. पाटावर बसायचं, घंगाळात पाणी घ्यायचं, अंगावर ओतायचं, साबण लावायचा, खसखसून घासायचं, पुन्हा ओतायचं. सोबत आलेल्या एक आजी त्या पाटावर बसल्या, घंगाळ हातात घेऊन म्हणाल्या, 'हे तर आमचं न्हाणीघर. फक्त बंब दिसत नाही.' मग शेजारच्या अनोळखी जपानी बाईंची पाठ चोळून द्यायला निघाल्या, तिथे मला मधे पडावं लागलं.

कुंडात उतरायचं ते अंग घासून पुसून झाल्यावर. हा एक नियम मोडला तर मात्र लोक खरंच नाराज होतात, कारण त्या पाण्यात सगळेच बसणार असतात. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत आपण कपड्यांसकट उतरतो, इथे कापडाचा तुकडाही पाण्यात जाता कामा नये. हातभर लांबीचा जो छोटा टॉवेल देतात तो चालताना पुढे धरायला आहे. पाण्यात बसल्यावर तो घडी करून डोक्यावर ठेवतात. केस वर बांधायचे. डोक्याला खोबरेल असेल तर आधी दोनदा धुवायचं, नाहीतर पाण्यावर तवंग येतो. कोणी कोणाकडे बघत नाही, वाफेत फारसं दिसतही नाही. पुरुषांचं आणि बायकांचं वेगळं असतं, त्यामुळे 'सगळ्यांनी एकत्र' ही घरातली भीती तशी अर्धीच खरी आहे. तरीही सासू-सुनेने एकमेकींसमोर, बाप-लेकाने एकमेकांसमोर, हे अवघड वाटू शकतं, आणि त्यात चूक काही नाही.

त्यावर उपाय म्हणजे काशिकिरी, राखून ठेवलेली कौटुंबिक अंघोळ. दाराला आतून कडी, पाऊण तास ती जागा तुमची. काही ऱ्योकानांत फुकट, काहींत दोन-चार हजार येन. पोचल्याबरोबर, चहाच्याही आधी, स्वागतकक्षावर वेळ नोंदवा, संध्याकाळच्या वेळा भराभर जातात. तुम्ही दोन वेळा घ्या : एक आईबाबांसाठी, एक तुमच्या चौघांसाठी. पाळी चालू असेल तर सार्वजनिक कुंडात उतरत नाहीत. खोलीलाच उघड्यावरचं खासगी कुंड जोडलेलं असतं तो प्रकारही आहे, पण दर जवळजवळ दुप्पट होतो. सहा जणांना तो खर्च करावा असं मला वाटत नाही.

मुलांचं : सार्वजनिक अंघोळीत साधारण सात वर्षांपासून मुलगा-मुलगी वेगळे, अशी सरकारी सूचना २०२० मध्ये आली, आधी ही मर्यादा दहाची होती. म्हणजे तुमची मुलगी आईबरोबरच जाईल, धाकटा कोणाहीबरोबर. तो रात्री अजून डायपर लावत असेल तर मोठ्या कुंडात बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत, तेव्हा काशिकिरीच बरी. आणि लहान मुलाला ४२ अंशांचं पाणी चटका लागल्यासारखं वाटतं. हाताने अंगावर थोडं थोडं घेत, पायांपासून वर, मगच बसवा.

आईंच्या गोंदणाबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता विचारलंत, पण तो प्रश्न महत्त्वाचा आहे. इथे अंगावरची शाई म्हणजे याकुझा टोळीवाले, ही समजूत मुरलेली आहे, म्हणून अनेक ठिकाणी दारातच पाटी असते. जपानच्या पर्यटन खात्याने २०१५ मध्ये पाहणी केली, तेव्हा ५६ टक्के ठिकाणं गोंदवलेल्यांना घेत नव्हती, ३१ टक्के घेत होती, १३ टक्के झाकलं तर घेत होती. २०१३ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी बाईंना हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणामुळे उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर नाकारलं, त्यावरून इथे बरीच चर्चा झाली. त्यानंतर वातावरण निवळलं आहे. मनगटावरची तुळस आणि कपाळावरचा ठिपका बघून एखाद्या आजीला अडवल्याचं माझ्या अनुभवात नाही, पण मी तो प्रश्न दारावर सोडत नाही. आरक्षणाच्या वेळीच लिहिते : आजी आहेत, त्यांच्या गावची जुनी रीत आहे, लग्नाआधी गोंदवतात. एका ठिकाणी मालकीणबाईंनी, ज्यांना ओकामी म्हणतात, ते वाचून आजींना जेवताना हाताजवळ बसून एकेक नक्षी कशाची ते विचारलं होतं. नाहीच जमलं तर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी मिळते, आणि काशिकिरी आहेच.

तुळशीची माळ काढायची गरज नाही. पाण्यात ती लाकडाची, तिला काही होत नाही. पण जोडवी आणि पैंजण खोलीतच काढा. गंधकाच्या पाण्याने चांदी पाहता पाहता काळी पडते. हाकोन्यात हे ठिकाणाप्रमाणे बदलतं : खाली युमोतोचं पाणी स्वच्छ आणि सौम्य असतं, वर सेंगोकुहाराकडे ओवाकुदानीच्या ज्वालामुखी दरीतून आणलेलं दुधट गंधकी पाणी मिळतं. दुधट पाण्याचं अप्रूप सगळ्यांना असतं, मलाही आहे, पण बाबांसाठी मी युमोतोच्या बाजूचं सौम्य पाणीच घेईन. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर एक मोठा तक्ता टांगलेला असतो, त्यात पाण्याचं तापमान, पीएच आणि क्षार लिहिलेले असतात. इथले लोक तो पंचांगासारखा वाचतात.

बाबांबद्दल आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, ते नक्कीच. त्यांनी हरकत घेतली नाही तर एवढं पाळा. ४२ अंशांहून गरम कुंडात जायचं नाही. बहुतेक ठिकाणी एक कढत आणि एक कोमट अशी दोन कुंडं असतात. आधी घंगाळाने पायांवर, मग मांड्यांवर, मग खांद्यांवर पाणी घ्यायचं. छातीपर्यंत न बुडता कमरेपर्यंत बसायचं, पहिल्या वेळी तीन ते पाच मिनिटं. उठताना कठडा धरून सावकाश, कारण गरगरतं ते बसल्यावर नाही, उठल्यावर. नोव्हेंबरअखेरीला हाकोन्यात संध्याकाळी हवा बोचरी असते, त्यामुळे बाहेरच्या उघड्या कुंडापर्यंत ओल्या अंगाने चालत जाणं त्यांनी टाळावं. गार हवा आणि कढत पाणी यांच्यातल्या धक्क्याने रक्तदाब खालीवर होतो. साके, म्हणजे तांदळाची दारू, प्यायल्यावर अंघोळ नाही. जेवल्यावर तासभर तरी नाही. रात्री एकट्याने नाही. अंघोळीआधी आणि नंतर पाणी प्यायचं, बाहेरच बहुधा थंड पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं.

खोलीचं थोडक्यात. जमिनीवर घातलेल्या फुतोन नावाच्या गादीवरून ७२ वर्षांच्या गुडघ्यांना पहाटे उठवत नाही. आईबाबांसाठी वायोशित्सु मागा, तातामीही आणि पलंगही असलेली खोली. तुम्ही चौघं शेजारच्या तातामीच्या खोलीत. जेवण टेबल-खुर्चीवर हवं हेही लिहा. शौचालय खोलीतच आहे ना, जुन्या इमारतींत विचारून घ्या. पाण्याची फवारणी जवळपास सगळीकडे असते, त्यामुळे आपल्या लोकांची ती चिंता मिटते. शौचालयाच्या चपला वेगळ्या असतात, त्या घालून तातामीवर यायचं नाही. पहिल्या दिवशी हे सगळ्यांचंच चुकतं. युकाता नेसताना डावी बाजू वर. उजवी वर फक्त प्रेताला नेसवतात. आईबाबांना हे कारणासकट सांगा, मग ते विसरत नाहीत.

धाकट्याची काळजी शोजीपाशी घ्या. शोजी म्हणजे कागदी दारं, आणि चार वर्षांच्या बोटाला तो कागद खुणावतोच. टक्‌ असा आवाज होतो आणि भोक पडतं. आमच्या गटातल्या एका मुलाने ओळीने पाच पाडली होती. लपवायला त्याच्या वडिलांनी तिथे बॅग टेकवली. मी जाऊन खरं सांगितलं. खोलीची देखभाल करणाऱ्या बाई, ज्यांना नाकाई म्हणतात, पांढऱ्या कागदाची फुलं कापून आणून गुडघ्यांवर बसल्या आणि प्रत्येक भोकावर एकेक फूल चिकटवलं. इथली जुनी रीत आहे ती. शेवटचं फूल त्यांनी त्या मुलालाच चिकटवायला दिलं. अशा बाई दाराशी गुडघे टेकून वाकून नमस्कार करतात तेव्हा आपल्या आज्या घाईने 'अगं उठ उठ' म्हणत त्यांना दंडाला धरून उठवायला जातात. आईंना सांगा, बसल्या जागी मान लववली की पुरे.

मोठ्या बॅगा हाकोन्याला आणू नका. तोक्योच्या हॉटेलातूनच क्योतोच्या हॉटेलात पाठवून द्या. ही कुरियरची सेवा इथे कुठल्याही हॉटेलात मिळते आणि सामान साधारण दुसऱ्या दिवशी पोचतं. एका रात्रीपुरती पाठपिशवी पुरते, कारण ऱ्योकानमध्ये शिरल्यापासून सगळे युकातातच असतात.

सकाळची अंघोळ चुकवू नका, पण दारावरचा पडदा बघून आत जा. दारावर जे कापडी पडदे असतात, निळा पुरुषांचा आणि लाल बायकांचा, ते बऱ्याच ऱ्योकानांत रात्रीतून बदलतात, म्हणजे दोघांनाही दोन्ही कुंडांचा लाभ. माझा नवरा पहिल्या वर्षी झोपेच्या डोळ्यांनी, 'काल इथेच तर आलो होतो' म्हणत पहाटे साडेपाचला डावीकडे वळला. सुदैवाने आत फक्त एक म्हाताऱ्या बाई होत्या, आणि त्या त्याच्यापेक्षा कमी घाबरल्या.

पैशांचं गणित. दर खोलीचा नसतो, माणशी असतो, दोन जेवणांसकट. मध्यम दर्जाच्या ऱ्योकानला माणशी १५ ते ३० हजार येन. त्यातला २५ हजार धरला तर चार मोठ्यांचे एक लाख. मुलीला मोठ्यांसारखं ताट घेतलं तर बहुधा ७० टक्के, मुलांचं वेगळं ताट घेतलं तर ५०. धाकट्याला नुसती गादी घेतली तर ३० टक्क्यांच्या आसपास. शिवाय मोठ्यांना माणशी साधारण १५० येन स्नानकर. सगळं मिळून सव्वा लाख येनांच्या आसपास जाईल, म्हणजे हल्लीच्या भावाने आपले सत्तर-पंचाहत्तर हजार रुपये. बक्षिसी द्यायची पद्धत नाही. शाकाहारी ताटाला सवलत मिळत नाही, उलट कधी थोडे जास्त घेतात, आणि त्यामागे आचाऱ्याचं वेगळं काम असतं.

एवढं करून आईंच्या जेवणाची खात्री देणारं ऱ्योकान मिळालंच नाही, तर हाकोने सोडा आणि क्योतो-ओसाकाच्या बाजूने कोयासानला जा. डोंगरावरचं मठांचं गाव आहे, पन्नासेक मठांत राहण्याची सोय आहे, आणि जेवण मुळातच शोजिन. तरी दाशीचं आणि अंड्याचं वाक्य तिथेही पाठवा. बहुतेक मठांत ओन्सेन नाही, साधी गरम पाण्याची अंघोळ आहे, पण पहाटेचे मंत्र ऐकताना आईंना कीर्तन आठवेल. बाबांना तिथे आणखी एक कारण आहे : कोयासानला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री येऊन त्याचं अनावरण करून गेले. थंडी मात्र हाकोन्याहून कडक, जाड मोजे घ्या.

तारखांचं शेवटी सांगते, पण ते आधी करा. २३ नोव्हेंबरला इथे सार्वजनिक सुट्टी असते आणि हाकोन्यात तेव्हाच पानं लाल झालेली असतात. त्याच्या आजूबाजूचा शनिवार-रविवार म्हणजे घाटात गाड्यांची रांग आणि चढे दर. मंगळवार किंवा बुधवार धरा. तीन-चार ऱ्योकान निवडून आधी त्यांना ते दाशीचं वाक्य पाठवा. ज्यांचं उत्तर 'हो' येईल, आणि कोणती दाशी वापरणार हेही ज्यांनी लिहिलं असेल, त्यांच्याकडेच खोली घ्या.